ससा यादीतून काढा, मग .२२ निवडणं सोपं होतं

देवगडच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: एनसीसीत .२२ (०.२२ इंची नळीची रायफल) चालवली तेव्हापासून वेड लागलंय. आता पुण्याची नोकरी सोडून घरची कलमं बघतो. बोल्ट ॲक्शनची (दर बारानंतर हातानं खटका मागे-पुढे करायची) एकच .२२ घ्यायची आहे. तिनं ५० मीटरवर कागदावर नेमबाजी करायची, आणि बागेत येणारा ससा, रानकोंबडा, जमलं तर डुक्करही तिनंच. मामांच्या ओळखीचे एक गृहस्थ जुनी ब्रनो, म्हणजे चेक बनावटीची .२२, विकतायत. ती घ्यावी की जाड नळीची नवी टार्गेट रायफल? मॅगझीनची की एकबारी (एका वेळी एकच काडतूस भरायची)? दुर्बीण कुठली?

मी रत्नागिरी जिल्ह्यात पंचवीसेक वर्षं पोरांना नेमबाजी शिकवतो. शिकवता शिकवता दस्ते (नळी धरणारं, खांद्याला टेकणारं लाकूड) तासणं आणि ट्रिगर साफ करणं ही कामंही अंगावर आली. तुमची उंची किती, हात केवढे, जवळची रेंज किती मीटरची आणि पावसाळ्यात बंदूक घरात कुठे राहणार, यांतलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. या चार गोष्टींवर माझं उत्तर बदलू शकतं. पण त्याआधी तुमचा प्रश्न मोडून परत मांडायला हवा. तुम्ही रायफल विचारताय, अडचण मात्र त्या "आणि"मध्ये आहे.

ससा, रानकोंबडा, भेकर, साळिंदर, डुक्कर या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. शिकार बंद आहे, आणि जमीन तुमची असली, कलमं तुमची असली तरी त्यात फरक पडत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही; काही प्राण्यांच्या बाबतीत याहून कडक. बंदूक सरकारजमा होते. शिवाय दोषी ठरलात तर न्यायालय शस्त्रपरवाना रद्द करू शकतं, आणि पुढची पाच वर्षं परवान्याचं नाव घ्यायचं नाही. म्हणजे एका सशापायी नेमबाजीही गेली. आमच्या वडिलांच्या पिढीत शिकारीच्या सागोतीच्या गोष्टी चवीनं सांगितल्या जायच्या, मीही त्या ऐकत वाढलो. तो काळ संपला आणि मला त्याची हळहळ नाही.

डुकरांचा त्रास खरा आहे, ते मला कोणी सांगायला नको. नाचणी आडवी झालेली, सुरणाचे वाफे उकरलेले मी आमच्याच दारात पाहिलेत. पण त्यासाठी वनखात्याकडे अर्ज, पंचनामा, नुकसानभरपाई, आणि रीतसर लेखी परवानगी मिळालीच तर पुढचं, असा रस्ता आहे. त्या रस्त्यावरही .२२ चं काम नाही. तिची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडी वर. एवढ्यानं डुक्कर जागी पडत नाही, ते लागलेली गोळी घेऊन रानात जातं. आमच्या वाडीत एकदा विहिरीमागच्या करवंदीच्या जाळीतून चार दिवस वास येत होता. आत डुकरीण मरून पडलेली, पोटात बारीक भोक. कोणी मारली ते कळलं नाही. तेव्हापासून ".२२ नं डुक्कर" हे शब्द कानावर आले की माझं डोकं फिरतं.

कायद्याची चौकटही हेच सांगते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतीसंरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक धरलेली आहे. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची (आत रायफलीसारखे पीळ नसलेली), किमान २० इंच नळी असलेली बंदूक. म्हणून आपल्याकडे घराघरांत जुन्या ठासणीच्या दिसतात. रायफलचा रस्ता वेगळा आहे: मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सभासदत्व आणि टार्गेट प्रॅक्टिस. त्याच कायद्यानं अशा सभासदाला एक सवलतही दिली आहे. माणशी दोन शस्त्रांची जी मर्यादा आहे (२०१९ च्या दुरुस्तीआधी ती तीन होती), तिच्यात टार्गेट प्रॅक्टिसची .२२ आणि एअर रायफल धरत नाहीत. तेव्हा वडिलांची ठासणीची उद्या तुमच्या नावावर आली म्हणून .२२ अडायची नाही. अर्जात कारण मात्र एकच लिहा, आणि तेच खरं असू द्या.

आता कागदच उरला म्हणून हिरमुसू नका, उलट निवड सोपी झाली. दोन्हीकडे चालणारी रायफल म्हणजे खांद्यावर घेऊन हिंडायला हलकी, म्हणून बारीक नळीची, म्हणून हातात डुलणारी. अशी साधी, हिंडायची रायफल, म्हणजे स्पोर्टर, अडीच-तीन किलोची असते. ५० मीटरच्या स्पर्धेत रायफल ८ किलोपर्यंत चालते आणि बरेच जण ५ किलोंच्या पुढेच असतात, कारण वजनदार रायफल तुमचा श्वास आणि नाडीचे ठोके पोटात घालते. हिंडायचंच नाही म्हटल्यावर हलकेपणासाठी पैसे का मोजायचे? जाड नळी घ्या.

बोल्ट ॲक्शनचं तुम्ही आपणहून ठरवलंत ते बरं केलंत. लोक सांगतात ते नेमकेपणाचं कारण आहेच, पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं: बोल्ट काढला की नळी मागून साफ करता येते. सळई तोंडाकडून घालावी लागली की ती तोंडाच्या कडा घासत जाते, आणि गोळी नळीला शेवटचा निरोप देते ती याच कडांवरून. .२२ ची नळी गोळ्यांनी झिजायला आयुष्य जातं. सळईनं मात्र ती एका हौशी हंगामात बिघडते.

एकबारी की मॅगझीन, यावर फार डोकं शिणवू नका. ५० मीटरच्या प्रकारात काडतूस एकेक करून हातानंच भरतात. फोंडाघाट चढून राधानगरी तालुक्यात गेलात की कांबळवाडी लागते. तिथल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, ते असंच एकेक भरून, गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं (पालथं झोपून मारायच्या प्रकाराचं) जगज्जेतेपद मिळवलं. मॅगझीनची रायफल मिळाली तर घ्या, पण शिकताना मॅगझीन खिशात ठेवा. पुढचा बार तयार आहे हे माहीत असलं की हातातल्या बाराकडे दुर्लक्ष होतं.

खरा पैसा आणि वेळ घालायचा तो दस्त्यात. दुकानात कोणी नळीचं कौतुक करायला लागला की त्याला थांबवा आणि रायफल हातात मागा. बोल्ट उघडून ती रिकामी आहे हे स्वतः पाहा. मग सुरक्षित दिशेला तोंड करून, डोळे मिटून ती खांद्याला लावा, गाल जिथे आपोआप टेकेल तिथे टेकवा आणि डोळे उघडा. साइट (नेम धरायची खूण) बरोबर डोळ्यासमोर आली तर दस्ता तुमचा. मान ताणावी लागली किंवा गाल उचलावा लागला तर तो दुसऱ्या कुणाचा. परदेशी दस्ते आपल्याकडच्या बऱ्याच जणांना लांब पडतात. लांब दस्ता तासता येतो, आखूड असेल तर बटाखाली (दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकाला) फळीचे तुकडे घालता येतात. तेव्हा तेवढ्यासाठी चांगली रायफल सोडू नका, पण हे काम करावं लागणार हे घेतानाच धरून चाला. जुन्या रायफलींचे दस्ते बहुधा उघड्या साइटसाठी घडवलेले असतात. वर दुर्बीण बसवली की गाल अधांतरी राहतो. त्यावर फेल्टची पट्टी गुंडाळतात. दिसते गबाळी, पण काम करते.

लाकडाचं आणखी एक आहे, आणि ते घाटावरच्यांना सांगून कळत नाही. काही वर्षांपूर्वी एका शिष्येचे ग्रुप (कागदावर पडणारे बारांचे झुबके) जूनमध्ये अचानक वर-डावीकडे सरकायला लागले. मेपर्यंत तिचे पाच बार रुपयाच्या नाण्याखाली झाकत होते. मी तिला ट्रिगर झटकतेस म्हणून दोन आठवडे बोललो. बिचारी निमूट ऐकून घ्यायची. एका दुपारी रेंजवर पावसामुळे काम बंद होतं, तेव्हा सहज म्हणून दहाची नोट नळी आणि दस्ता यांच्यामधल्या फटीत घालून मागे ओढत आणली. ती टोकापासून चार बोटांवर अडकली. मेमध्ये तीच नोट थेट चेंबरपर्यंत (काडतूस बसतं त्या मागच्या टोकापर्यंत) सुळसुळत जायची. लाकूड पाऊस पिऊन फुगलेलं, एका बाजूनं नळीला टेकलेलं, आणि दर बाराला नळीला ढुशी देत होतं. पाइपाच्या तुकड्याला पॉलिश पेपर गुंडाळून ती खाच मोकळी केली, आतल्या उघड्या लाकडाला वॉर्निशचे तीन हात दिले. ग्रुप जागेवर आला. तिची माफी मागितली. तेव्हापासून रायफल बघायला जाताना माझ्या खिशात एक कोरी नोट असते. तुम्ही लाकडाऐवजी सिंथेटिक किंवा लॅमिनेटेड दस्त्याची रायफल घेतलीत तर ही कटकट बरीच कमी होईल. देवगडला, खाडीच्या वाऱ्यावर, मी तरी तीच घेईन. लाकूड दिसायला सुंदर, हे कबूल.

गंज हा दुसरा शत्रू. आमच्याकडचे एक म्हातारे म्हणायचे, "बंदूक पावसात रडता रे." खरंच रडते. सकाळी थंड नळीवर दमट हवेचं पाणी जमतं आणि त्यात समुद्राचं मीठ असतं. रायफल बॅगेत ठेवू नका, ती बॅग फक्त प्रवासापुरती. आतला फोम ओल धरतो. माझी पहिली रायफल मी एक पावसाळा कॅनव्हासच्या बॅगेत, कपाटात, अगदी जपून ठेवली होती. गणपतीत बाहेर काढली तर दस्त्याखालच्या बाजूला नळीवर तांबडी साय. बंद कपाट, आत सिलिका जेलच्या पिशव्या, दर काही दिवसांनी त्या तव्यावर कोरड्या करून परत, आणि जमलं तर आत छोटासा पिवळा दिवा. धातूला हात लागला की तेलाचा फडका फिरवायचा. स्टेनलेस नळी मिळत असेल तर तिच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजा. तीही अजिबात गंजत नाही असं नाही, पण तुम्हाला चुका करायला वेळ देते. निवडणुकीत जमा करायची वेळ आली तर ठाण्यात देण्याआधी आतबाहेर तेलाचा जाड हात द्या आणि परत आल्या दिवशी पुसून काढा. आणि खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण हळदकुंकू दस्त्याला लावा. आमच्या घरी ते नळीला लागलं, दसरा होईपर्यंत तसंच राहिलं, आणि त्या दोन बोटांचा ठसा पुढे कायम दिसत राहिला.

काडतुसांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटरनं निघते, आणि आपल्या उकाड्यात आवाजाचा वेग साडेतीनशेच्या आसपास असतो. म्हणजे ती आवाजाच्या अलीकडेच राहते. हाय व्हेलॉसिटी ३८० च्या पुढे निघते आणि वाटेत आवाजाचा वेग उतरून ओलांडताना बिचकते. लोकांना वाटतं वेगवान गोळी वाऱ्याला कमी दबते; .२२ मध्ये उलट होतं, तीच जास्त सरकते. आणि वारा आपल्याकडे चुकत नाही. सकाळी दहा-अकरानंतर खारा वारा उठला की ताशी पंधरा किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात ५० मीटरवर स्टँडर्ड गोळीही तीनेक सेंटिमीटर ढळते. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे. तुम्ही काहीही चूक न करता दहाचा सात होतो. म्हणून आमची पोरं सकाळी सातला रेंजवर असतात. १०० मीटरचा मोहही आता नको: ५० वर झीरो केलेली (नेम जुळवलेली) गोळी तिथे जवळपास वीतभर खाली जाते.

कुठलं काडतूस चांगलं, हे तुमची रायफलच सांगेल. हाताशी मिळतील तेवढ्या प्रकारांची एकेक पेटी घ्या, बिनवाऱ्याच्या सकाळी टेकूवरून प्रत्येकाचे पाच-पाच बारांचे पाच ग्रुप मारा. जे आवडेल त्याच लॉटची (कारखान्याच्या एकाच खेपेची) काडतुसं परवान्यात बसतील तेवढी घ्या. प्रकार बदलताना आधीच्या गोळ्यांचं नळीत बसलेलं मेण निघून नवं बसायला दहा-पंधरा बार लागतात, ते मोजू नका. एकाच मॉडेलच्या, एकामागोमाग नंबरच्या दोन रायफलींना वेगवेगळी काडतुसं आवडलेली मी पाहिली आहेत.

दुर्बीण आत्ता नको. ५० मीटरच्या स्पर्धांत ती चालतही नाही; मागे पीप साइट (बारीक भोकाची चकती) आणि पुढे गोल माशी (नळीच्या टोकावरची कडी), यावरच शिका. पुढे हौसेसाठी घेतलीत तर पॅरालॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसण्याचा दोष) ५० मीटरसाठी काढलेली किंवा तो फिरवून जुळवता येणारी घ्या. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा १०० ला बांधलेल्या असतात. ५० वर डोळा जरा हलला की क्रॉस लक्ष्यावरून सरकतो, आणि दोष तुम्ही स्वतःला देत बसता.

बागेत प्रॅक्टिस, या विचारालाही इथेच थांबवतो. .२२ ला खेळणं समजू नका, तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. जांभ्याच्या खाणीची भिंत बघून "आयता बट (गोळी अडवायचा बंधारा) मिळाला" असं वाटतं, पण कडक चिऱ्यावरून शिसं उसळतं, आणि खाडीच्या पाण्यावरूनही उसळतं. मातीचा उंच बंधारा असलेली मंजूर रेंज, एवढंच. रेंज लांब असेल तर घरी १० मीटरची एअर रायफल लावा; .१७७ ची आणि २० ज्यूलपर्यंतची असेल तर परवाना लागत नाही. खरं तर पहिलं वर्ष तिच्यावर आणि क्लबच्या .२२ वर काढा, असं मी बहुतेकांना सांगतो. वर्षभरात तुमचा दस्ता किती लांब हवा ते तुम्हालाच कळेल.

आता त्या ब्रनोकडे. या जुन्या चेक रायफलींनी नाव कमावलंय ते उगाच नाही, आणि तिचाच वंश पुढे सीझेड ४५२, ४५५ असा चालत आला. पण ती स्पोर्टर आहे, बारीक नळीची. क्लबपुरती, शिकायला, हौसेला उत्तम. जिल्हा-राज्य पातळीवर उतरायचं असेल तर दोन वर्षांत बदलावी लागेल. तुम्हाला स्पर्धा खेळायच्या असतील तर जुन्या-नव्याच्या वादात न पडता वापरलेली मॅच रायफल शोधा. मोठे नेमबाज रायफल बदलतात तेव्हा त्यांची जुनी आपल्यासाठी वीस वर्षं पुरते.

तरी बघायला जाणार असालच, तर खिशात नोट, टॉर्च आणि कान साफ करायची कापसाची काडी घेऊन जा. रायफल रिकामी आहे ना ते पाहून बोल्ट काढून बाजूला ठेवायला सांगा. काडी नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून हळूच फिरवा. कापसाचा धागा कुठे अडकला तर तिथे कड दुखावली आहे. टॉर्चनं चेंबरची मागची कड बघा. या काडतुसाची ठिणगी पेंद्याच्या कडेत असते, म्हणून पिनही कडेवर आपटते, आणि कोणी वर्षानुवर्षं रिकामी रायफल टकटक वाजवत बसला असेल तर त्या कडेवर खळगा पडलेला दिसेल. खळगा खोल असेल तर चहा पिऊन परत या. मग नोट. नळीवरचा नंबर त्यांच्या परवान्यावरच्या नंबराशी अंक न् अंक जुळवा. व्यवहार ठरलाच तर विकणाऱ्यानं पोलीस ठाण्यात किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे लेखी कळवून ४५ दिवस जावे लागतात, आणि तोवर तुमचा परवाना हातात हवा. मामांची ओळख कितीही जुनी असो, "घेऊन जा, कागद मागाहून करू" असं म्हणाले तर रायफल त्यांच्याच हातात ठेवा.

बघून आलात की दस्त्याची लांबी मोजून कळवा: ट्रिगरपासून बटाच्या मधोमध. आणि तुमचा हात कोपरात काटकोनात दुमडून, कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं माप. दोन्ही आकडे सोबत लिहा, म्हणजे किती तासायचं ते सांगतो.